बांगड्यांच्या रद्दीतलं तिकीट

फार पूर्वी, म्हणजे राजेही होते आणि वर्तमानपत्रंही निघत होती अशा मजेच्या काळात, एका नगरात जुन्या टपाल तिकिटांचा एक पारखी राहत असे. तो डोळ्याला भिंग लावून तिकीट निरखी आणि त्याच्या पाठीवर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा छाप मारी. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आपण आजवर एकदाही चुकलो नाही, हे तो स्वतःच येताजाता सांगे, त्यामुळे लोकांना ते लक्षात ठेवायचे कष्ट पडत नसत.

राजालाही तिकिटांचं भारी वेड. त्याच्या संग्रहातलं सगळ्यात मानाचं तिकीट होतं वर्तमानपत्राचं. शंभर वर्षांपूर्वी टपालाने जाणाऱ्या वर्तमानपत्रांना हे वेगळं, जांभळं तिकीट लावत. त्यावर टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याचं चित्र, आणि हरकाऱ्याच्या काठीला सात घुंगरं. पण वाचून झालेलं वर्तमानपत्र जपून कोण ठेवतो? पेपर रद्दीत गेले आणि त्यांच्याबरोबर तिकिटंही गेली.

राजाकडे ते तिकीट विकायला आलं, तेव्हा पारख्यानेच तपासलं होतं. घुंगरं बरोबर सात भरली. रंग जुळला. वर टपालाचा गोल शिक्का तर इतका सुबक, की पारखी खूश झाला आणि त्याने ‘खरे’ असा छाप मारून दिला. राजाने त्याला दरबारात स्वतःच्या शेजारी बसवलं. ती जागा त्याला जिवापाड आवडे.

थोड्याच दिवसांत एक म्हातारे मास्तर तसंच तिकीट घेऊन आले. पण त्यावर गोल शिक्का नव्हता, नुसती काळी अक्षरं उमटलेली.

“मास्तर, शाई सांडलीय यावर,” पारखी हसून म्हणाला, “आणि टपालाचा शिक्का कुठाय?” त्याने ‘खोटे’ असा छाप मारला. मास्तर बिचारे मान खाली घालून घरी गेले.

अशी सहा वर्षं गेली. एकदा सणाच्या आदल्या दिवशी पारख्याच्या घरी कासारीण आली. तिने ओसरीवर पेटी उघडली आणि पारख्याच्या बायकोचा हात हातात घेऊन हिरव्या बांगड्या भरायला सुरुवात केली. काच फुटू नये म्हणून बांगड्यांचे जोड जुन्या रद्दीत गुंडाळलेले होते. त्यातला एक कागद उलगडून खाली पडला, आणि पारख्याची नजर त्यावर गेली. कोपऱ्यात एक जांभळं तिकीट होतं.

“मावशी, हा कागद कुठला?”

“आमच्या आजेसासऱ्यांनी पेटीच्या तळाशी घातलेली रद्दी हो, दादा. नवी मिळेना, म्हणून तीच काढली. का? काही मोलाचं आहे का त्यात?”

“बघतो,” म्हणत पारख्याने भिंग लावलं. घुंगरं सात होती. टपालाचा शिक्का मात्र नव्हता. उलट नदीला पूर आल्याची बातमी सरळ तिकिटावरूनच छापलेली होती. एका अक्षराचा अर्धा भाग तिकिटावर, तर अर्धा कागदावर. पारख्याने चिमट्याने तिकिटाचा कोपरा हळूच उचलला. खालचा कागद पांढरा, कोरा होता.

खाली अक्षर नाही, म्हणजे तिकीट आधी चिकटवलं आणि पेपर नंतर छापला! छपाईच तिकिटावरून गेली, की ते वापरलं गेलं. मग टपाल कचेरीने आणखी शिक्का मारायचा कशाला? तिकिटाचं चित्र त्याने हजारदा पाहिलं होतं, पण ते लावत कसे, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. राजाकडचं ते सुबक शिक्क्याचं, एकही छापील अक्षर नसलेलं तिकीट साफ बनावट होतं. आणि मास्तरांचं खरं होतं.

“मग, दादा? खोटंच ना?” कासारीण म्हणाली. “आण इकडं. या जोडाला गुंडाळायला होईल.”

तिने कागद ओढून घेतला आणि त्यावर बांगड्या ठेवून एक घडी घातली. पारख्याने फक्त गप्प बसायचं होतं. कागद चुरगळला असता, कुठल्याशा घरी जाऊन चुलीत गेला असता आणि दरबारातली जागा त्याचीच राहिली असती. त्याला ती जागा दिसली, मग मान खाली घालून जाणारे मास्तर दिसले. कासारणीने दुसरी घडी घालायला बोटं उचलली.

“थांबा, मावशी!” तो इतक्या जोरात ओरडला की बायकोच्या हातातली बांगडी पिचली.

त्याच दुपारी तो कासारणीला घेऊन दरबारात गेला आणि त्याने घडलं ते सगळं सांगून टाकलं. राजा लालबुंद झाला.

“सहा वर्षं मी खोट्या तिकिटाला कुरवाळत बसलो? अरे, तेव्हा तू खात्रीने बोललास, आजही खात्रीने बोलतोस. मग आजचं खरं कशावरून?”

पारख्याने तोंड उघडायच्या आत कासारीण पदर सावरत पुढे झाली. “महाराज, लबाड माणूस दुसऱ्याचं नाक कापतो. स्वतःचं नाक कापून कुणी खोटं बोलतं का?”

राजा खो खो हसत सुटला. कासारणीला त्याने हवं ते माग म्हटलं, तर तिने पेटीभर रद्दी आणि बसायला सावलीतली जागा मागितली. पारख्याला मात्र शिक्षा झाली. बनावट तिकीट संग्रहात तसंच ठेवायचं आणि त्याच्याखाली स्वतःच्या हाताने ‘मी चुकलो’ असं लिहून सही करायची. दरबारातली जागाही गेली. पारखी तिथून निघाला तो तडक मास्तरांच्या घरी गेला आणि त्याने हात जोडून त्यांची माफी मागितली.

महिन्याभराने शेजारचा राजा संग्रह पाहायला आला. कासारणीच्या कागदावरच्या, आता संग्रहात आलेल्या खऱ्या तिकिटाचं त्याने कौतुक केलं. मग ती ‘मी चुकलो’ची ओळ त्याने दोनदा वाचली.

“हा माणूस कुठे आहे?” त्याने विचारलं. “माझी सगळी तिकिटं मला याच्याकडून तपासून घ्यायची आहेत.”

“पण तुमच्या पदरी तर नऊ पारखी आहेत!” यजमान राजा चकित होऊन म्हणाला.

“आहेत ना. आणि नऊपैकी एकही आजवर कधी चुकलेला नाही,” पाहुणा म्हणाला. “म्हणून तर मला त्यांचा भरवसा वाटत नाही.”

तात्पर्य: ‘मी चुकलो’ म्हणायची ज्याची तयारी असते, त्याच्याच ‘हे खरं आहे’ या शब्दाला किंमत असते.