काकूंच्या ओट्यापाशी बोअर

खडकोलीची विहीर यंदाही जानेवारीतच आटली. भूगर्भशास्त्र शिकून आलेली शाल्मली म्हणाली, "पाऊस हल्ली चार दिवसांत कोसळून पळून जातो. ओढ्यावर बंधारे घालून त्याला मुरवू या."

"पोरी, पाणी नारळ शोधतो, पुस्तक नाही!" सरपंच दाजीसाहेब गुरगुरले. गावाची बोअर त्यांना स्वतःच्या द्राक्षबागेत हवी होती. त्यांनी आणलेला पाणाड्या तळहातावर आडवा नारळ धरून रानोमाळ फिरला. द्राक्षबागेत सरपंच खोकले, आणि नारळ टुणकन उभा राहिला.

खोकला हीच खूण आहे, हे शाल्मलीने ओळखलं. "काका, खात्रीसाठी पाणाड्याचे डोळे बांधून पुन्हा फिरवू?"

"खुशाल! नारळ उभा राहील तिथेच बोअर. सरपंचाचा शब्द!"

तिने पाणाड्याचे डोळे बांधले आणि त्याला हाताला धरून थेट सरपंचांच्या स्वयंपाकघरात नेलं. मागून सरपंच आणि सारं गाव आत शिरलं. काकू तव्यावर मिरच्या भाजत होत्या. सरपंचांना जोराचा ठसका लागला. नारळ ताडकन उभा!

"आणा रे बोअरची गाडी, काकूंच्या ओट्यापाशी!" शाल्मली ओरडली. काकूंनी नवऱ्यावर उलथनं उगारलं.

"अगं थांब!" सरपंच खोकत किंचाळले. "नारळाला काय कळतंय पाण्यातलं!"

"सकाळपासून मी दुसरं काय सांगतेय, काका? घ्या कुदळ, चला ओढ्यावर."