करकरणारी स्प्रिंग

फार जुनी गोष्ट नाही, रस्त्यांवर नुकतेच गतिरोधक उगवू लागले होते तेव्हाची. गुंजाळ मास्तरांची म्हातारी गाडी त्यांना रोज बारा मैलांवरच्या शाळेत नेई-आणी. खड्डा आला की तिची मागची स्प्रिंग करकरे, आणि गाडीला चारचौघांत लाज वाटे.

"गप्प बैस की गं. लोक माना वळवून बघतात."

"बघू देत, बाई. तुझा पत्रा आतून गंजलाय. हादरा मी पोटात घेते, म्हणून तू उभी आहेस."

एकदा मास्तर गॅरेजवाल्याला म्हणाले, "ट्रकसारखी कडक बसव, परत बदलायला नको." करकर थांबली. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या स्प्रिंगकडे गाडीने निघताना पाहिलंसुद्धा नाही.

"थोडं वाकत जा गं," पहिल्याच खड्ड्यात गाडी कळवळली.

"मला नाही येत वाकता," नवी स्प्रिंग म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दोन महिन्यांत गंजका पत्रा फाटला. दोराने ओढून गाडी गॅरेजात आणली, तेव्हा तिने आधी कोपरा पाहिला. माफी मागायची होती तिला. तिथे ऑइलचा एक गोल डाग तेवढा होता. भंगारवाला सोमवारीच येऊन गेला होता.