डुलत्या खुर्चीचं वय

कनकदुर्गच्या रायाजीराजांचं मन एका खुर्चीवर बसलं आणि त्यापायी आंबेगव्हाण गावाची आमराई जायची वेळ आली.

खुर्ची काळ्याभोर लाकडाची होती. पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या, त्यामुळे बसलं की पाळण्यासारखी मागेपुढे डुलायची. जुन्या वस्तूंचे व्यापारी अंताशेट ती दरबारात घेऊन आले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं, की ही राजांच्या पणजोबांची, थोरल्या नागोजीराजांची खास बैठक. विलायतेत घडली, गलबतातून आली. पुढे ती शेटजींच्या घराण्याकडे आली आणि चार पिढ्या त्यांनी तिला देवासारखी जपली. मोबदला म्हणून त्यांना पैसा नको होता. फक्त आंबेगव्हाणची आमराई हवी होती. झाडं तोडून तिथे लाकडाची वखार घालायचा त्यांचा बेत होता.

पणजोबांचं नाव निघालं की राजे विरघळायचे. आणि एकदा शब्द दिला की ब्रह्मदेव आला तरी मागे घ्यायचे नाहीत. त्यांनी शब्द देऊन टाकला.

गावात बातमी पोचली तशी चुली थंडावल्या. त्या आमराईवर गावाचं मीठमिरची, कापडचोपड चालायचं. गावातली निम्मी लग्नं तिच्याच सावलीत लागली होती. म्हातारीकोतारी माणसं दरबारात गेली खरी, पण राजांसमोर एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. त्यांच्यात बाळोजी शेतकऱ्याची लेक हौसाही होती. तोंड उघडायचं नाही, असं बापाने तिला वाटभर बजावलं होतं. तिने पदर सावरला, मुजरा केला आणि खुर्ची जरा बघू द्यावी अशी विनंती केली.

तिने खुर्चीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाली, की ही जुनी वाटत नाही. वर्षानुवर्षं फरशीवर डुलली असती तर खालच्या पट्ट्या झिजून चपट्या झाल्या असत्या. या तर नव्या लाटण्यासारख्या गोल आहेत. आणि खुर्चीचे हात बाहेरच्या अंगालाही झिजलेत, जिथे बसणाऱ्याचा तळवा कधी पोचत नाही.

अंताशेट हसले. राजांचे हात कुठवर पोचतात ते कुणब्याच्या पोरीला काय ठाऊक, असं म्हणाले. दरबारही हसला. राजांना मात्र पणजोबांच्या खुर्चीवर घेतलेली शंका झोंबली.

"नुसत्या शंका नकोत," ते म्हणाले. "ही खुर्ची कधी घडली आणि कुठे घडली, ते सांग. तासायची नाही, खरवडायची नाही, सुताराला विचारायचं नाही. दरबार उठायच्या आत सांगितलंस तर आमराई गावाची. नाही तर आजच कुऱ्हाडी लागतील."

बाळोजीला घाम फुटला. लाकडाला का तोंड असतं! तिने खुर्चीकडे पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या असलेल्या अंताशेटांकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि तिने खुर्चीच्या हाताला कान लावला.

उठली ती चेहरा पाडूनच.

"सरकार, माझं चुकलं. शेटजींचं खरं आहे. ही थोरल्या महाराजांचीच खुर्ची."

बाळोजीने डोळे मिटून घेतले. अंताशेटांनी समाधानाने मान डोलावली.

"पण ती रडते आहे, सरकार," हौसा पुढे म्हणाली. "म्हणते, थोरल्या महाराजांनी मला कुणाला दिलं नाही, कुणाला विकलं नाही. मला वाड्यातून चोरून नेलं. माझा चोर शोधा."

राजे सावरून बसले.

"अंताशेट, वाड्यातून वस्तू बाहेर गेली की सोबत शिक्क्याचा हुकूम जातो. तुमच्या पणजोबांना मिळाला असेलच. कुठे आहे तो?"

अंताशेट चाचरले. हुकूम होता, पण वाळवीने खाल्ला असेल, असं काहीतरी पुटपुटले.

"खुर्ची सोडून वाळवीने हुकूमच बरा खाल्ला!" राजे गरजले. "राजवाड्याची चोरी ज्याच्या घरात सापडेल, त्याच्या घराला टाळं आणि त्याला अंधारकोठडी, हा आमच्या पणजोबांचाच कायदा आहे. तुम्ही तर चार पिढ्या माल लपवलात. शिपाई!"

शिपाई पुढे झाले तसे अंताशेट मटकन खाली बसले.

"नाही सरकार! चोरीची नाही! ती... ती जुनीच नाही! गेल्या दिवाळीनंतर केली. पेठेतल्या माझ्याच कारखान्यात. फणसाचं लाकूड आहे, हिरड्याच्या पाण्याने काळं केलंय. किड्यांची भोकं माझ्या हातची, दाभणाने पाडलेली!"

राजांचा विश्वास बसेना. तेव्हा अंताशेटांनी धडपडत स्वतःच खुर्ची उलटी केली आणि बैठकीखाली चिकटवलेली कापडाची पट्टी ओढून काढली. खाली त्यांच्या कारखान्याची डागणी, म्हणजे तापल्या लोखंडाने उठवलेली खूण होती आणि तिच्याभोवती फणसाचं लाकूड पिवळंधमक दिसत होतं.

राजांनी हौसाकडे पाहिलं.

"तू तर म्हणालीस, खुर्ची बोलली."

"खुर्ची कशी बोलेल, सरकार? तान्ह्या लेकराला आपलं वय सांगता येत नाही. ते त्याच्या बापाला विचारावं लागतं. आणि बाप आपणहून कबूल होईना, म्हणून जरा वाकडी वाट धरली."

राजे आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. एवढं, की डोक्यावरचा मंदील घसरून मांडीवर आला. आमराई आंबेगव्हाणकडे कायमची राहील, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे सोडला. हौसाला जरीकाठी लुगडं दिलं, बाळोजीला पागोटं बांधलं आणि खुर्चीही बक्षीस म्हणून घेऊन जा, असं सांगितलं.

हौसाने हात जोडले. "लुगडं घेते, सरकार. खुर्ची मात्र नको. एवढ्या लहानपणी तिला बापापासून तोडू नये."

राजांना पुन्हा हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी फर्मावलं, की अंताशेटांनी आपलं लेकरू डोक्यावर घ्यावं आणि भर पेठेतून मिरवत घरी न्यावं.