हत्तिणीचा खरा ठरलेला शब्द

मुलांनो, एका डोंगराळ रानात नदीकाठी हत्तींचा कळप राहत असे. कळपाची प्रमुख होती एक थोराड हत्तीण. ती निघाली की सगळे निघत, ती थांबली की सगळे थांबत. तिचे पिल्लू अजून अंगावर पीत होते. डुंबताना ते सोंड वर धरायला विसरे आणि नाकातोंडात पाणी गेले की आईवरच रुसून बसे.

एके वर्षी पाऊस कमी पडला. पुढच्या वर्षी त्याहून कमी. नदीची धार बारीक होत गेली. तेव्हा उंचावरून सारा मुलूख पाहणारी घार खाली उतरून म्हणाली, "हत्तीणताई, डोंगरापलीकडे मोठे सरोवर आहे. वाटेतल्या डबक्यांत अजून पाणी आहे, तोवर निघा."

हत्तीण हसली. "अगं, ओली वर्षे सरली की कोरडी येतात, कोरडी सरली की पुन्हा ओली. पृथ्वीचा हा फेरा आपल्या जन्माआधीपासून चालू आहे. माझ्या आजीनेही असाच दुष्काळ पाहिला. शेवटी पाऊस आलाच ना?"

"आला. पण तोवर कळपात किती जण उरले होते?" घारीने विचारले.

आजीने ते सांगितले नव्हते आणि हत्तिणीनेही कधी विचारले नव्हते. पण सगळ्यांदेखत माघार घेणे तिला जड गेले. "आम्ही इथेच राहणार," ती म्हणाली.

नदीत नुसती वाळू उरली, तेव्हा कुठे कळप निघाला. वाटेतली डबकी एव्हाना आटून भेगाळली होती. हत्तिणीचे दूधही आटले. तिच्या पोटाखालच्या सावलीत पिल्लू चालत राहिले, मग मटकन खाली बसले.

"आई, पाणी कधी येणार?"

"येईल रे राजा, नक्की येईल."

पिल्लू पुन्हा उठले नाही. हत्तीण सोंडेने त्याला उभे करू पाहत राहिली. शेवटी कळपातल्या इतरांनीच तिला ढकलत पुढे नेले.

काही वर्षांनी पाऊस पूर्ववत झाला. उरलेले हत्ती सरोवराकाठून रानात परतले. नदी दुथडी भरून वाहत होती. झाडावरून एक वानर आनंदाने ओरडले, "हत्तीणताई, तुमचाच शब्द खरा ठरला हो! पाणी परत आले!"

बाकीचे हत्ती पाण्यात शिरले. हत्तीण मात्र तहानलेली असूनही नदीकडे पाठ करून उभी राहिली.

तात्पर्य : निसर्गाचे चक्र फिरून पुन्हा जागेवर येते, त्याखाली चिरडलेले जीव मात्र परत येत नाहीत. म्हणून 'हे असे चालायचेच' म्हणून स्वस्थ बसू नये.