परवाना आधी की बंदूक आधी?

“ज्याच्याकडे परवाना नाही, त्यानं बंदुकीला हात लावायचा नाही!” दिवाण आबाजीपंतांनी बंदुकांच्या दुकानाच्या दारात उभं राहून फर्मान वाचलं.

“बरं. मग परवाना कुणाला मिळतो?” चिमाबाई शिकलगारणीनं विचारलं.

“ज्याच्याकडे स्वतःची बंदूक आहे, त्याला!”

“आणि बंदूक तो आणतो कुठून?”

“तुझ्याच दुकानातून! राज्यात दुसरं दुकान आहेच कुठं?”

“पण परवाना नसताना माझ्या दुकानात तो बंदुकीला हात कसा लावणार, पंत?”

पंतांनी फर्मान उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मग ते घाईघाईनं म्हणाले, “आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत एक तरी बंदूक विकली नाहीस, तर विक्रीचा परवाना रद्द आणि दुकानाला टाळं!”

झालं होतं असं, की चित्तरगडचे राजे गर्जनसिंह शिकारीला गेले आणि त्यांच्याच खांद्यावरची बंदूक अचानक उडाली. गोळीनं फेट्याचा तुरा नेला! ती बंदूक त्यांनी तिथंच दरीत फेकली आणि तेव्हापासून दार आपटलं तरी महाराज पलंगाखाली. बंदूक कुणालाही मिळता कामा नये, असा त्यांनी हुकूम सोडला. पण शेजारच्या राजाकडे बंदुकांचं दुकान होतं, तेव्हा आपल्याकडेही चालतं दुकान हवंच, हा दुसरा हुकूम! बिचाऱ्या पंतांनी दोन्ही हुकूम एकाच फर्मानात कोंबले.

इकडे चिमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान सासऱ्यांपासूनचं, गेलं तर खायचं काय? गिऱ्हाईकं तर येत होती. रानडुकरांनी रताळ्यांचा फन्ना उडवलेला एक शेतकरी आला आणि त्यानं बंदुकीकडे हात नेताच चिमाबाईनं त्याच्या बोटांवर केरसुणी हाणली.

“अहो दादा, हात लावाल तर दोघंही तुरुंगात जाऊ! लांबूनच बघा!”

“लांबून बघून डुकरं पळतील का, बाई?” असं म्हणत तो बिचारा निघून गेला.

खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे गावातली हत्यारं राजदरबारात पूजेला आली. चिमाबाईनं एक रिकामी बंदूक लख्ख पुसून तलवारींच्या शेजारी ठेवली. महाराज गंध लावत लावत तिथवर आले आणि थबकले.

“हिच्यात दारू नाही, छर्रा नाही, महाराज. पण पूजा अर्धवट ठेवून कसं चालेल?” चिमाबाई हळूच म्हणाली.

महाराजांनी डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला आणि बंदुकीला गंध लावलं!

दुसऱ्या दिवशी दसरा. महाराज आपट्याची पानं वाटत होते. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!” चिमाबाईनं दोन्ही हातांनी पान घेतलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि ओरडली, “सोनं पोचलं! बंदूक विकली!”

“कुणाला?” महाराजांनी विचारलं.

“आपल्यालाच! काल सगळ्यांदेखत माल हात लावून पाहिलात, आज सगळ्यांदेखत सोनं दिलंत. माल तर कालपासून आपल्याच घरात आहे!”

“अगं, हे तर पान आहे!”

“महाराज, आपण स्वतः सोनं म्हणालात. दसऱ्याच्या दिवशी राजा खोटं बोलला, असं मी गरिबानं कसं म्हणावं?”

“थांबा!” पंत उसळले. “परवाना नसताना बंदुकीला हात लावणं हा गुन्हा आहे! गुन्हेगाराला ताबडतोब...” आणि त्यांनी जीभ चावली.

“पंत,” महाराजांनी घाबरून विचारलं, “आमच्याकडे परवाना नाही?”

“नाही, महाराज. तो स्वतःची बंदूक असलेल्यालाच मिळतो.”

“मग आता द्या की!” चिमाबाई म्हणाली. “आता आहे त्यांची स्वतःची!”

“पण घेताना परवाना नव्हता!”

“मग आधी अटक करा, नंतर परवाना द्या! तुमच्या फर्मानात बसेल तसं करा, पंत!”

बेड्या आणायला सांगावं की शाई, हे पंतांना कळेना. त्यांचा तो चेहरा पाहून महाराज इतके हसले, की नवा तुराही खाली पडला!

फर्मान तिथंच फाडलं गेलं. गावच्या पाटलानं ज्याची हमी घ्यावी आणि चिमाबाईनं ज्याला बंदूक नीट धरायला शिकवावं, त्याला परवाना, असा सरळ नियम झाला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “बाई, तेवढी ती बंदूक परत घेऊन जा ना. आम्हाला झोप लागत नाही!”

“तेवढं सोडून बोला, महाराज!” चिमाबाई म्हणाली. “आमच्या दुकानात एकदा विकलेला माल परत घेत नाहीत!”