पट्टा कुणी बदलायचा
कुमुदताईंना दिवंगत नवऱ्याचं महागडं घड्याळ लग्नाच्या दिवशी मुलाच्या मनगटावर बांधायचं होतं. आजवर त्यावर एक ओरखडा नव्हता. नवा पट्टा विकून झाल्यावर नरहरशेट सराफ लोडाला टेकून म्हणाले, "वहिनी, घरी बदलायला जाऊ नका. बायकामाणसाचा हात थरथरला की ओरखडा पडलाच, मग घड्याळ मातीमोल. आमच्याकडेच ठेवा, मजुरी घेऊन बदलून देतो."

"आणि तुमच्या हातून पडला तर?"

"ती जोखीम गिऱ्हाइकाची."

कुमुदताईंनी घड्याळ उचलून पर्समध्ये ठेवलं. "मग शेट, ओरखडा माझ्याच पदरात पडायचा असेल, तर हातही माझाच बरा."

लग्नात पट्टा शोभून दिसला. घड्याळाच्या मागे एक बारीक ओरखडा होता, पण त्याची मजुरी कुणाला द्यावी लागली नव्हती.