पावसात न्यायची नसते ती घोंगडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मेंढ्या माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही.

उघड्या माळावर एका धनगरिणीचं पाल होतं. तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती. तान्ह्याला ऊब हवी म्हणून धनगरिणीनं नगरातल्या मोठ्या पेढीवरून घोंगडी आणली. "कसाही पाऊस येऊ दे, थेंब आत यायचा नाही," शेटनं छातीवर हात ठेवून सांगितलं. घोंगडी हाताला चांगली जाड आणि कडक लागत होती.

मग ऐन थंडीत अवकाळी पाऊस आला. घोंगडीला लावलेली चिंचोक्याची खळ धुऊन गेली आणि हाती उरली नुसती जाळी. म्हणजे बघा, लोकर चिमूटभर आणि खळच मणभर! तान्हं भिजलं आणि तापानं फणफणलं.

धनगरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पेढीचं दार गाठलं आणि शेटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दारातला मुनीम दात कोरत म्हणाला, "बाई, घोंगडी पावसात न्यायची नसते."

आता बोला! पावसात न्यायची नाही, तर काय देव्हाऱ्यात ठेवायची? धनगरीण शिव्या देत राहिली, बघे हसत राहिले. शेवटी घसा बसला, तशी ती हात हलवत परत आली.

कळपातल्या म्हाताऱ्या मेंढीनं विचारलं, "घोंगडी दाखवलीस?"

"ती इथंच राहिली."

"तुला काय हवंय ते सांगितलंस?"

"नाही गं."

"मग मुनिमाची फुकट करमणूक झाली. शेटला गाठ, घोंगडी ने, आणि थोडकं बोल."

बाजाराच्या दिवशी पेढी गिऱ्हाइकांनी भरली होती. धनगरीण घोंगडी आणि पाण्याची घागर घेऊन थेट शेटच्या गादीपुढं उभी राहिली. राग पोटात होताच, पण तिनं आवाज चढू दिला नाही.

"शेट, थेंब आत यायचा नाही, हा तुमचा शब्द. ही एका पावसात गळली. माझा नातू तापलाय. मला भरीव लोकरीची दुसरी घोंगडी हवी, आत्ता. मी खोटं बोलतेय असं वाटत असेल, तर ही पांघरा. मी वरून पाणी ओतते."

शेट मुनिमाकडे बघू लागला, मुनीम भिंतीकडे.

"पांघरा की, शेट," मागून कुणीतरी म्हणालं.

शेटनं पांघरली नाही. त्यानं निमूटपणे घट्ट विणीची दुसरी घोंगडी काढून दिली. धनगरिणीनं तिचा कोपरा तिथंच भिजवला, चोळला, उजेडात धरून पाहिला आणि मगच घोंगडी खांद्यावर टाकली. ती निघाली, तेव्हा पेढीतलं एकेक गिऱ्हाईक घागर मागत होतं.

तात्पर्य: नुसत्या शिव्यांनी आपलाच घसा बसतो, नेमकं गाऱ्हाणं, नेमक्या माणसापुढं, पुराव्यानिशी मांडावं.